अल्पशक्ती लेसर उपचार : व्रणरोपण व वेदनाशमन यांतील उपयोग आणि मर्यादा

गोषवारा : अल्पशक्ती लेसरचा प्रकाश ऊती न तापवता पेशींच्या कार्यावर परिणाम करतो. प्रस्तुत लेखात या उपचाराचा उगम, कार्यपद्धती, मात्रेचे महत्त्व आणि चिकित्सालयीन पुराव्यांचे स्वरूप यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : लेसर, तंतुकणिका, मात्रा, व्रणरोपण, मुखदाह

प्रस्तावना :
लेसर म्हटले की कापणारा किंवा जाळणारा तीव्र किरण डोळ्यांपुढे येतो. शस्त्रक्रियेतील लेसर असाच असतो. अल्पशक्ती लेसरची शक्ती मात्र साधारणतः ५०० मिलिवॅटपेक्षा कमी असते आणि रुग्णाला उष्णता फारशी जाणवत नाही. भौतिकोपचार व दंतचिकित्सा या क्षेत्रांत त्याचा वापर होतो. तथापि, या उपचाराविषयी अवाजवी दावे जसे केले जातात, तसाच तो सरसकट नाकारलाही जातो. या दोन्ही भूमिका तपासून घेणे आवश्यक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत पहिला रुबी लेसर कार्यान्वित केला. त्यानंतर बॉस्टन येथे पॉल मॅकगफ यांनी लेसरच्या साहाय्याने प्रायोगिक अर्बुदे नष्ट करण्याचे प्रयत्न केले. बुडापेस्ट येथील शल्यचिकित्सक एन्द्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास तशाच धर्तीचे प्रयोग उंदरांवर केले. त्यांच्या लेसरची शक्ती पुष्कळच कमी असल्याने अर्बुदे नष्ट झाली नाहीत; परंतु उंदरांच्या पाठीवरील भादरलेले केस अधिक वेगाने उगवल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे त्यांनी दीर्घकाळ न भरणाऱ्या व्रणांवर हा प्रकाश वापरून पाहिला. या उपचारपद्धतीचा उगम येथे झाला. २०१४ पासून तिच्यासाठी ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ ही संज्ञा रूढ होत गेली.

कार्यपद्धती :
सुमारे ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल व अवरक्त प्रकाश त्वचेतून काही अंतर आत शिरतो. यापेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश हिमोग्लोबिन व मेलॅनिन बऱ्याच अंशी शोषून घेतात, तर अधिक तरंगलांबीचा प्रकाश पाणी शोषून घेते. आत पोहोचलेला प्रकाश पेशीतील तंतुकणिकांमधील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर शोषून घेते, असे टीना कारू यांच्या संशोधनातून पुढे आले. या विकराला चिकटलेले नायट्रिक ऑक्साइड प्रकाशामुळे सुटते, श्वसनक्रिया सुधारते व एटीपीची निर्मिती वाढते, असे सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण आहे. परिणामी फायब्रोब्लास्ट पेशींची वाढ व कोलॅजेनची निर्मिती यांना चालना मिळते, तसेच दाह कमी होतो. वेदनाशमनात दाह कमी होण्याबरोबरच चेतातंतूंतील संवेदनांचे वहन मंदावणे हेही कारण मानले जाते.

मात्रेचे महत्त्व :
या उपचाराचे यशापयश मुख्यतः मात्रेवर अवलंबून असते. १०० मिलिवॅटचा किरण एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर ४० सेकंद टाकल्यास ४ ज्यूल ऊर्जा मिळते. मात्रा अपुरी असल्यास परिणाम दिसत नाही, योग्य असल्यास पेशींना चालना मिळते आणि प्रमाणाबाहेर गेल्यास तीच क्रिया मंदावते. म्हणूनच ‘जितका अधिक प्रकाश तितका अधिक गुण’ हे गृहीतक येथे चुकीचे ठरते. शिवाय सावळ्या त्वचेतील मेलॅनिन अधिक प्रकाश शोषून घेत असल्याने त्वचेचा वर्णही विचारात घ्यावा लागतो. विविध संशोधनांत तरंगलांबी, शक्ती व कालावधी भिन्न असल्यामुळे त्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात.

चिकित्सालयीन पुरावे :
सर्वांत भक्कम पुरावा कर्करोगोपचारांत होणाऱ्या मुखदाहाबाबत उपलब्ध आहे. किरणोपचार व रसायनोपचार यांमुळे तोंडातील अंतस्त्वचा सोलवटते, गिळणे अशक्य होते आणि प्रसंगी उपचार थांबवावे लागतात. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये या कारणासाठी अल्पशक्ती लेसरचा वापर मान्य केला. तंबाखूमुळे मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात या उपयोगाचे मोल विशेष आहे. मंगळूर येथेही या विषयावर यादृच्छिक नियंत्रित चाचण्या झाल्या असून त्यांचे निष्कर्ष अनुकूल आहेत.

मानदुखीसंबंधी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००९ मध्ये १६ चाचण्यांचा व ८२० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. जुनाट मानदुखीत उपचारानंतर २२ आठवड्यांपर्यंत आराम टिकल्याचे त्यात आढळले. याउलट शिरांच्या विकारामुळे पायावर होणाऱ्या व्रणांबाबत कॉक्रेन आढाव्यात लाभाचा पुरावा मिळाला नाही. कंबरदुखीबाबतही ठाम निष्कर्ष काढण्याइतकी माहिती कॉक्रेन आढाव्याला आढळली नाही. ज्या उपचारपद्धतीचा आरंभ न भरणाऱ्या व्रणांपासून झाला, तिचा पुरावा नेमका तेथेच दुबळा आहे, ही बाब लक्षणीय होय.

दक्षता :
उपचारकर्ता व रुग्ण या दोघांनीही तरंगलांबीनुरूप संरक्षक चष्मा वापरणे अनिवार्य आहे. अर्बुदावर थेट, तसेच गर्भवतीच्या उदरावर प्रकाश टाकणे टाळले जाते. मधुमेही रुग्णाच्या पायावरील जखमेत रक्तशर्करेचे नियंत्रण, जंतुसंसर्गावरील उपचार, मृत ऊती काढणे व पायावरील भार कमी करणे यांना पर्याय नाही. केवळ लेसरवर विसंबून यांत विलंब झाल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

निष्कर्ष :
अल्पशक्ती लेसर उपचाराला जीवशास्त्रीय आधार आहे. परंतु तो सर्व विकारांवर सारखाच गुणकारी नाही. मुखदाहात तो उपयुक्त ठरला आहे, मानदुखीत आश्वासक आहे, तर जुनाट व्रणांत पूरक म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे. विकार, तरंगलांबी आणि मात्रा या तिन्ही बाबी स्पष्टपणे नोंदवल्याखेरीज ‘लेसरने गुण येतो’ या विधानाला शास्त्रीय अर्थ प्राप्त होत नाही.