माशांच्या हौदाचें पाणी बदलणें
घरीं कांचेच्या हौदांत गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या बागाइतदारांनीं सारें पाणी एकदम उपसूं नये. माशांच्या विष्ठेपासून होणाऱ्या विषारी अमोनियाचें नायट्रेट करणारे जंतु वाळूंत व गाळणींत राहतात; शेतजमिनींतहि हेंच कार्य चालतें. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी रबरी नळीनें तळच्या गाळासह काढावें व क्लोरीन घालविलेलें, हौदाइतक्याच उष्णतेचें पाणी हळूहळू भरावें. गाळणी काढलेल्या पाण्यांतच विसळावी. नळाखालीं धुणें म्हणजे ते जंतु मारणेंच!

महिनोन्‌महिने हयगय झालेल्या हौदास विशेष जपावें. तेथील पाणी आम्लधर्मी झाल्यानें सांचलेला अमोनिया बव्हंशीं निरुपद्रवी रूपांत असतो. विहिरीचें क्षारयुक्त पाणी एकदम ओतल्यास तोच विषारी होऊन मासे पटापट मरतात. तेथें रोज थोडथोडेंच बदलावें. काढलेलें पाणी वांग्याच्या वाफ्यास द्यावें.