चंचल मूल आणि औषधाचा निर्णय

वाराणसीत मणिकर्णिकेच्या उत्तरेस सिंधिया घाट आहे आणि त्याला लागून संकठा घाट. वर संकठा देवीचे मंदिर, भोवती अरुंद गल्ल्या आणि गल्ली संपते तेथून थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, अशी या स्थळाची रचना आहे. येथून भोसले घाट, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट असे पुढे जावे, तसतशी महाराष्ट्रातून येऊन पिढ्यानपिढ्या काशीत राहिलेली घराणी भेटतात.

अशाच एखाद्या घरातील आठ वर्षांचा मुलगा कल्पनेने डोळ्यांपुढे आणू या. पाढे म्हणता म्हणता तो मध्येच उठतो. तीन ओळी लिहून वही टाकून देतो. प्रश्न पुरा होण्याआधी त्याचे उत्तर तयार असते. इतर मुलेही पायऱ्यांवर खेळतात; परंतु हा कटलेल्या पतंगामागे धावू लागला की शेवटच्या पायरीपाशी पाणी आहे, याचे भान त्याला राहत नाही. आजी म्हणते, "वय आहे, सुधारेल." शिक्षक म्हणतात, "घरात शिस्त नाही." डॉक्टर म्हणतात, "औषध देऊन पाहू." आईवडिलांनी कोणाचे ऐकावे?

विकार कशास म्हणावे?

चंचलता हा बालपणाचा धर्मच आहे. म्हणून प्रत्येक खोडकर मूल रोगी ठरत नाही. अवधान न टिकणे, सतत हालचाल व उतावळेपणा ही लक्षणे वयाच्या मानाने पुष्कळच अधिक असली, निदान सहा महिने टिकली, बारा वर्षांच्या आत सुरू झाली, घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसली आणि त्यांच्यामुळे मुलाचे खरोखर नुकसान होत असले, तरच डॉक्टर त्यास अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच 'एडीएचडी', असे नाव देतात. जगभरातील पाहण्यांवरून सुमारे शंभरात पाच मुलांना हा विकार असावा, असा अंदाज आहे.

त्याचे निदान रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने होत नाही. पालक व शिक्षक यांच्याकडून माहिती घेऊन आणि मुलाला तपासूनच ते करावे लागते. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप, अपस्मार, मनातील भीती किंवा वाचनातील अडचण यांमुळेही मूल असेच वागू शकते. वर्गात जी मुले वयाने सर्वांत लहान असतात, त्यांच्यावर हा शिक्का अधिक वेळा बसतो, असे अनेक देशांत आढळून आले आहे. म्हणून औषधाचा प्रश्न निदान पक्के झाल्यानंतरचा होय.

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लाड केल्याने तो जडत नाही आणि मारल्याने तो जात नाही.

औषधाची कथा

लंडनचे वैद्य जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. औषधाचा शोध मात्र योगायोगाने लागला. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी 1937 साली तीस मुलांना 'बेन्झेड्रिन' दिले, तेव्हा त्यांपैकी चौदा मुलांच्या शाळेतील कामात ठळक सुधारणा दिसली. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर व्हावे, याचे सर्वांनाच नवल वाटले. पुढे 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये 'मेथिलफेनिडेट' तयार झाले. आज याच औषधाचा वापर पुष्कळ होतो.

या नवलाचे कारण असे: मेंदूच्या पुढच्या भागाकडे आवरून धरण्याचे व क्रम लावण्याचे काम असते. तेथील पेशी डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन या द्रव्यांच्या द्वारा निरोप पोहोचवितात. पेशी ही द्रव्ये परत शोषून घेतात, त्या क्रियेला औषध अडथळा करते. त्यामुळे निरोप अधिक काळ टिकतो. नाव तीच, प्रवाहही तोच. फक्त सुकाणूवरचा हात घट्ट होतो.

साध्या गोळीचा परिणाम सुमारे अर्ध्या ते एक तासात सुरू होतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, डोके वा पोट दुखणे, नाडी व रक्तदाब किंचित वाढणे हे तिचे दोष होत. दीर्घकाळ सतत औषध घेणाऱ्यांची उंची सरासरीने एक-दोन सेंटीमीटर कमी राहू शकते. भारतात 1985 च्या कायद्याने हे औषध नियंत्रित केले आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते घेऊ नये व दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये. ते न मानवल्यास 'ॲटोमॉक्सेटिन' देता येते. मात्र त्याचा पूर्ण गुण दिसण्यास काही आठवडे लागतात.

गुण किती व कोठवर?

अमेरिकेत 579 मुलांवर चौदा महिने एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे केवळ वर्तनशिक्षणापेक्षा अधिक कमी झाली. औषध व शिक्षण दोन्ही मिळालेल्या मुलांचा अभ्यास आणि पालकांशी असलेले संबंध यांतही काहीसा अधिक लाभ दिसला. तथापि तीन वर्षांनंतर पाहता हे गट जवळजवळ सारखेच झाले होते. यावरून इतके ध्यानात येते की औषध काही तासांपुरते दार उघडते; त्या दारातून मुलाला पुढे नेण्याचे काम घराला व शाळेलाच करावे लागते.

निर्णयाची रीत

मूल सहा वर्षांहून लहान असल्यास प्रथम पालकांनीच वागणुकीचे शिक्षण घ्यावे. त्याहून मोठ्या मुलाचा त्रास सौम्य असेल, तर पहिल्या बाकावर जागा, कामाचे लहान तुकडे, एका वेळी एकच सूचना व लगेच शाबासकी एवढ्याने काय साधते ते पाहावे. परंतु त्रास तीव्र असेल, मूल रोज मार खात असेल, अभ्यासात मागे पडत असेल वा त्याच्या जिवाला धोका असेल, तर थांबण्याचीही किंमत असते, हे विसरू नये. औषधाचे दोष मोजताना औषध न देण्याचे दोषही त्याच तराजूत घालावे.

औषध सुरू करण्यापूर्वी उंची, वजन, नाडी व रक्तदाब यांची नोंद करावी आणि घराण्यात हृदयविकार असल्यास डॉक्टरांना सांगावे. कोणत्या तीन गोष्टी सुधाराव्यात, ते कागदावर लिहून ठेवावे. अल्प मात्रेने आरंभ करावा व काही आठवड्यांनी त्याच कागदाशी ताळा घ्यावा. गुण नसल्यास औषध बदलावे वा थांबवावे. मूल शांत नव्हे तर मलूल झाले असेल, तर मात्रा चुकली असे समजून डॉक्टरांना भेटावे. वर्षातून एकदा औषध अजून हवे आहे काय, याचा विचार व्हावा, आणि "तुला कसे वाटते?" हे मुलालाही विचारावे.

संकठा घाटावरील त्या घराला मानसोपचारतज्ज्ञ दूर नाहीत. शहराच्या दक्षिणेस काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे. आजीने देवीला नवस बोलण्यास हरकत नाही. तो बोलून डॉक्टरांकडे जाता येते. औषध दिले म्हणून आईवडील हरले असे नव्हे आणि न दिले म्हणून ते जिंकले असेही नव्हे. पतंगामागे धावणारे ते मूल शेवटच्या पायरीआधी आपणहून थांबू लागले की नाही, याच कसोटीवर त्यांनी आपला निर्णय पुनःपुन्हा तपासावा.