युक्रेनियनमधली द्वितीया: निर्जीव वस्तूंपुरती

युक्रेनियनमध्ये विभक्ती सात. पण निर्जीव वस्तू कर्म असेल, तर नवशिक्याला फारसं पाठांतर लागत नाही. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामं साधारणपणे जशीच्या तशी राहतात. ‘स्तिल’ म्हणजे टेबल. ‘बाचु स्तिल’ म्हणजे मला टेबल दिसतं. ‘विक्नो’, म्हणजे खिडकी, तीही तशीच. बदल होतो तो आकारान्त स्त्रीलिंगी नामांत: शेवटच्या ‘आ’चा एकवचनात ‘उ’ होतो. ‘क्निहा’ म्हणजे पुस्तक; ‘चितायु क्निहु’, मी पुस्तक वाचतो. विशेषणही सोबत बदलतं: ‘नोवा क्निहा’चं ‘नोवु क्निहु’. ‘सिल’ (मीठ) यासारखी व्यंजनान्त स्त्रीलिंगी नामं मात्र बदलत नाहीत.

सजीव पुल्लिंगी नामांचा नियम वेगळा: ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, पण ‘बाचु ब्राता’. मराठी माणसाला हा भेद नवा नाही. आपणही ‘टेबल पाहतो’, पण ‘भावाला पाहतो’.