अंगातली उष्णता बाहेर कुठून जाते?

तुळजापूर तालुक्यातलं तामलवाडी सोलापूर-तुळजापूर महामार्गावर आहे. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा 42-43 अंशांवर जाणं लोकांना नवं नाही. म्हणूनच इथे ऊन अंगावर काढायची सवय पडली आहे. पण ऊन सोसताना शरीर नेमकं काय करतं आणि कुठे हरतं, हे कळलं तर अनेक जीव वाचतील.

माणसाच्या शरीरात उष्णता सतत तयार होत असते. अन्न पचताना होते, कुदळ मारताना त्याहून जास्त होते. आतलं तापमान मात्र 37 अंशांच्या आसपासच राहायला हवं. कातडीचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून थंड असेल, तर उष्णता अंगातून हवेत जाते. पारा चाळिशीपार गेला की ही वाट उलटी होते आणि हवाच अंगाला तापवू लागते. मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

तामलवाडीच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. भर दुपारी कांदा काढणाऱ्या बाईचं पोलकं फारसं ओलं दिसत नाही, पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे मात्र उमटतात. घाम दिसला नाही तरी पाणी जातच असतं. ते भरून निघालं नाही तर रक्तातलं पाणी घटतं, हृदयाची धडधड वाढते, कातडीकडे रक्त कमी पोचतं. उष्णता आत साठत जाते. शरीराने 40 अंश ओलांडले की मेंदूवर परिणाम होतो. माणूस बरळतो, तोल जातो, शुद्ध हरपते. हाच उष्माघात.

दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे तिथे कमी तापमानही घातक ठरतं. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या दमट हवेत झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात पारा चाळिशीच्या आत होता, तरी तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण दगावले.

जनावरांकडे तर घामाची सोयही बेताचीच. म्हशीची कातडी काळी आणि घर्मग्रंथी थोड्या, म्हणून तिला डुंबायला पाणी लागतं. तळी आटली की तिची हक्काची वाट बंद होते. कोंबडीला घामच येत नाही. ती पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकते. त्या धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंड्याचं कवच पातळ पडतं. रानातल्या पक्ष्यांचंही तसंच. सावलीत धापा टाकण्यात दुपार गेली की दाणे-किडे टिपायला वेळ उरत नाही आणि पिलं उपाशी राहतात. म्हणजे ऊन थेट मारत नाही तिथे भुकेने मारतं. माळावरच्या काळविटाचीही हीच ओढाताण: चरायला बाहेर पडावं तर तापायचं, सावली धरावी तर उपाशी राहायचं.

या सगळ्यांना आजवर रात्रीने सावरलं. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आकाशाकडे सोडते. कोळसा, डिझेल जाळून हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड त्यातली काही उष्णता अडवतो. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत जगाचं सरासरी तापमान 2024 साली प्रथमच वर्षभरासाठी दीड अंशाहून अधिक वर गेलं. रात्री उकाड्याच्या झाल्या की शरीराला विसावा मिळत नाही आणि कालचा ताण आजच्या उन्हात मिसळतो. त्यातच मातीच्या जाड माळवदांची जागा पत्र्यांनी घेतली. दिवसा पत्र्याखालचं घर भट्टीसारखं तापतं.

उपाय याच वाटा मोकळ्या ठेवण्यात आहेत. शेतातली कामं सकाळी दहाच्या आत आणि ऊन उतरल्यावर करावीत. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावं, सोबत मीठ-साखरेचं पाणी घ्यावं. पत्र्यावर पाचट किंवा पांढरा चुना टाकावा. गोठ्याजवळ सावलीत हौद भरलेला ठेवावा, माळावरचे पाणवठे आटू देऊ नयेत. कुणी बरळू लागलं तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

हे सगळं गावाच्या हातात आहे. मजुरीची वेळ बदलली म्हणून रोज कापला जाऊ नये आणि बांधावरचं लिंबाचं झाड सरपणासाठी पडू नये, एवढं ग्रामसभेने ठरवलं तरी पुढच्या उन्हाळ्यात माणसं आणि मुकी जनावरं दोघांनाही त्याचा आधार होईल.