काडीवर टिकलेला गुलाब

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरचे कोरडवाहू शिवार हळूहळू बागायती झाले. ऊस, साखर कारखाने, पुढे द्राक्ष आणि डाळिंब यांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. मोरीच्या सांडपाण्यावर परसात वाढलेल्या गावठी गुलाबाची नोंद मात्र फारशी कुठे सापडत नाही. ती राहिली बायकांच्या हातात. “वहिनी, एक काडी द्या लावायला,” एवढ्या बोलण्यावर हे झाड घरोघरी गेले.

गुलाबी रंग, भरगच्च पाकळ्या आणि दुरून येणारा वास. देवघरासाठी, दर्ग्यावरच्या चादरीसाठी, गुलकंदासाठी हाच गुलाब हवा असतो. रोपवाटिकांत ‘देशी’ म्हणून मिळणारा असा गुलाब बऱ्याचदा एडवर्ड असतो. त्याचे कूळ हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचे. तिथे कुंपणाला लावलेल्या दमास्क आणि चिनी गुलाबांचा संकर होऊन ही जात निपजली, असे मानले जाते. १८१७ च्या आसपास ती जाणकारांच्या नजरेत आली. काडीपासून केलेले रोप म्हणजे मूळ झाडाचाच पुढचा भाग. त्यामुळे आपल्या परसातला एडवर्ड दोनशे वर्षांपूर्वीचाच आहे.

कालव्याने पाणी दिले, तसे काही ठिकाणी मीठही वर आणले. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० मध्येच पुस्तिका लिहिली होती. अशा जमिनीत गुलाबाच्या पानांच्या कडा करपतात. निचऱ्याची, जरा उंचावरची परसातली जागा त्याला मानवते ती यामुळे.

पुढे कलमी गुलाब आले. १९५५ चा ग्लॅडिएटर बाजारात गाजला, १९९० नंतर मावळात पॉलिहाऊस उभी राहिली. हे गुलाब जंगली खुंटावर डोळा भरून करतात. लांब दांडा आणि टिकाऊ फूल यांमुळे शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, हे मान्यच करायला हवे. पण दुर्लक्ष झाले की खुंटाचे धुमारे वर येतात आणि कलम मरते. गावठी गुलाब स्वतःच्या मुळावर उभा असतो. उन्हाळ्यात शेंडा वाळला तरी बुडात जीव असेल तर पावसाबरोबर तोच गुलाब पुन्हा फुटतो. दुष्काळाची सवय असलेल्या या मुलखात तो इतका टिकला, त्याचे मोठे कारण हेच असावे.

काडी लावायची जुनी रीत आजही चालते. पावसाळ्याच्या तोंडाला किंवा ऑक्टोबर छाटणीच्या वेळी पेन्सिलीच्या जाडीची, चार डोळ्यांची पक्व काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरच्या टोकाला शेणाचा गोळा, म्हणजे काडी सुकत नाही. काळ्या मातीत पाणी साचून ती कुजते, म्हणून पोयटा, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण पिशवीत भरावे, दोन डोळे मातीत जातील इतकी काडी खोचावी आणि पिशवी सावलीत ठेवावी. पंधरवड्यात पालवी दिसली की लोक हरखतात आणि मूळ धरले का ते बघायला काडी उपटतात. ती पालवी काडीतल्या साठ्यावर फुटलेली असते. मुळांना पाच-सहा आठवडे लागतात, तोवर हात लावू नये.

आता जुनी घरे पाडून स्लॅबची होत आहेत, परसाला फरशी बसते आहे. उजनीच्या पाण्याखाली गावे गेली तेव्हा इंदापूरकरांनी घरदार उठवण्याचे दुःख पाहिले आहे. थोरले झाड हलवता येत नाही, काडी मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून कुठेही नेता येते. म्हणून घर पाडण्याआधी दहा काड्या कापाव्यात आणि दहा घरी द्याव्यात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने गावोगावचे असे गुलाब गोळा करून, गावाच्या नावासह त्यांची मातृबाग लावली, तर या बागायतीच्या इतिहासात बायकांनी राखलेल्या झाडालाही जागा मिळेल. ती त्याने केव्हाच कमावली आहे.