एका भाषणाचं आयुष्य किती? वक्ता आणि समाजमाध्यमं



आजचा विषय आयोजकांनी कळवला तेव्हा आमच्यातच दोन तट पडले. आम्ही तिघं गेली काही वर्षं गावोगावच्या व्याख्यानमालांत बोलतो आणि वक्तृत्वाचे वर्गही घेतो. एकाचं म्हणणं, "वक्त्यानं बोलावं, स्वतःची जाहिरात कशाला करावी?" दुसऱ्याचं म्हणणं, "बोलावणंच आलं नाही तर बोलणार कुठं?" दोघांचंही खरं आहे. आज आम्ही सांगणार आहोत ते या दोन वाक्यांच्या मधलं आहे. नव्यानं बोलायला लागलेली जी मुलंमुली इथं बसली आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः.

बोलावणं कसं येतं?

आधी जरा मागं जाऊ. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 साली सुरू केली. पुढं महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यात व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. या सगळ्यांना वक्ते मिळायचे कसे? तोंडी. एका गावचा कार्यवाह दुसऱ्या गावच्या कार्यवाहाला सांगायचा, "यांना बोलवा, लोक शेवटपर्यंत बसतात." बस्स. हीच शिफारस आणि हीच प्रसिद्धी. भाषण संपलं की ते ऐकणाऱ्याच्या आठवणीत राहायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळीत.

मग कॅसेट आली. पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन घराघरात पोचलं. ज्या गावात ते कधी गेले नाहीत तिथंही पोचलं. आता बघा, कॅसेट ऐकून पाठ झालेली माणसंसुद्धा प्रत्यक्ष ऐकायची संधी मिळाली की ती सोडत नसत. प्राचार्य शिवाजीराव भोसले यांचं 2010 मध्ये निधन झालं. पण त्यांची व्याख्यानं आज यूट्यूबवर अशी मुलं ऐकतात, जी तेव्हा शाळेतसुद्धा गेली नव्हती. म्हणजे ध्वनिमुद्रणानं वक्ता लहान होत नाही. भाषणाचं आयुष्य वाढतं.

2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बोलावण्याची रीतच बदलली. आता व्याख्यानमालेच्या बैठकीत एखादं नवं नाव निघालं की कुणीतरी मोबाइल काढतो, नाव टाकतो, आणि चहा येईपर्यंत चार-पाच माणसं तुम्हाला दोन मिनिटं ऐकतात. त्या दोन मिनिटांत त्यांना तीनच गोष्टी बघायच्या असतात. आवाज स्पष्ट आहे का? विषय नीट मांडतो का? आणि समोरची माणसं ऐकताहेत का? तुमचे फॉलोअर किती, हा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही.

हे पक्कं लक्षात ठेवा. समाजमाध्यम तुम्हाला वक्ता करत नाही. तुम्ही वक्ता आहात हे ते लांबच्या माणसाला दाखवतं, एवढंच.

आधी आवाज, मग चेहरा

आमच्याकडं येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, "कॅमेरा कुठला घेऊ?" आम्ही सांगतो, कॅमेरा खिशात आहे. पैसे घालायचेच तर माइकवर घाला. चित्र जरा अंधुक असलं तरी माणूस ऐकतो. आवाज घुमत असेल तर दहाव्या सेकंदाला पुढं जातो. आपल्याकडची सभागृहं, मंगल कार्यालयं, शाळांचे पत्र्याचे हॉल, सगळीकडं आवाज घुमतो. मागच्या रांगेतून मोबाइल धरून केलेलं चित्रीकरण म्हणूनच फुकट जातं.

उपाय दोन. एक, कॉलरला लावायचा छोटा माइक, दुसऱ्या फोनला जोडून तो फोन खिशात. दोन, साउंडवाल्याला आधी भेटा आणि त्याच्या मिक्सरमधून तुम्हाला थेट आवाज घेता येईल का ते विचारा. कार्यक्रमाआधी अर्धा तास पोचलात आणि त्याच्याबरोबर चहा घेतलात तर तो नाही म्हणत नाही, असा आमचा अनुभव आहे. मोबाइल तिसऱ्या-चौथ्या रांगेत स्टँडवर ठेवा, आडवा. मधूनमधून श्रोत्यांकडं वळवायला एक मित्र असला तर उत्तम, कारण आयोजकाला श्रोते बघायचे असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. भाषणाआधी हॉलमध्ये सिनेमाचं गाणं वाजत असेल तर तेवढा भाग कापून टाका. नाहीतर यूट्यूबचं यंत्र ते गाणं ओळखतं आणि तुमच्या भाषणावर कॉपीराइटचा दावा लागतो. गाणं वीस सेकंदांचं, डोकेदुखी महिन्याची.

कुठं काय ठेवायचं?

सगळीकडं सगळं टाकू नका. प्रत्येक माध्यमाचं काम वेगळं आहे.

यूट्यूब हे कोठार समजा. पूर्ण भाषण तिथं ठेवायचं, कारण लोक तिथं विषय शोधत येतात आणि दोन वर्षांपूर्वीचं भाषणही सापडतं. इन्स्टाग्रामवर कॉलेजची मुलं भेटतात. तिथं मिनिटभराचा तुकडा चालतो. फेसबुकवर आम्हाला मंडळांचे, वाचनालयांचे, ज्येष्ठ नागरिक संघांचे पदाधिकारी भेटले, आणि आमंत्रण देणारे तेच असतात. व्हॉट्सॲप हे जुन्या शिफारशीचंच नवं रूप आहे. एका कार्यवाहानं दुसऱ्याला पाठवलेली लिंक हजार लाइकांना भारी पडते. कंपन्यांत प्रशिक्षण द्यायचं असेल तर लिंक्डइन; गावच्या व्याख्यानमालेला त्याचा फारसा उपयोग नाही.

तुकडा कसा कापायचा? त्यात एक विचार पुरा झाला पाहिजे. सुरुवात "व्यासपीठावरील सन्माननीय" पासून नको, थेट गोष्टीपासून हवी. खाली देवनागरीत ओळी द्या, कारण बसमध्ये, ऑफिसात माणसं आवाज बंद करून बघतात. यंत्रानं आपोआप लिहिलेल्या मराठी ओळी मात्र एकदा हातानं तपासा. "समाज" चा "समज" झाला की अर्थाची वाट लागते. आणि प्रत्येक तुकड्याखाली पूर्ण भाषणाची लिंक द्याच. ती का, ते पुढं सांगतो.

पैशाचं गणित

आता थोडं रोकडं बोलू. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायचा तर नेहमीच्या व्हिडिओंसाठी अट अशी आहे: 1000 सदस्य आणि गेल्या 12 महिन्यांत 4000 तास पाहिलं गेलेलं असणं. शॉर्ट्सच्या फीडमधला वेळ या तासांत धरत नाहीत. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. एक माणूस सरासरी सहा मिनिटं थांबला असं धरलं, तर 40,000 वेळा कुणीतरी तुमचं भाषण उघडायला हवं. तेही वर्षात. आणि त्यानंतर मिळणारी रक्कम सुरुवातीला प्रवासखर्चाएवढीही नसते. तेव्हा व्याख्यात्यानं यूट्यूबकडं उत्पन्न म्हणून बघू नये. उत्पन्न मानधनातून येतं. यूट्यूब मानधनाचा रस्ता दाखवतं.

यावर नेहमीचा प्रश्न येतो, "सगळं भाषण तिथं फुकट ऐकायला मिळालं तर मला बोलावतील कशाला?" शंका रास्त आहे. कथा लोक पुन्हा ऐकतात, कीर्तन पुन्हा ऐकतात. पण माहितीपर व्याख्यान एकदा ऐकलं की काहींचं समाधान होतं. म्हणून आम्ही एक रीत ठेवली आहे. या हंगामात जे व्याख्यान गावोगावी देतो, ते हंगाम संपेपर्यंत पूर्ण टाकत नाही; त्यातली प्रश्नोत्तरं टाकतो. प्रश्नोत्तरांत वक्ता खरा कळतो. गेल्या वर्षीचं भाषण मात्र पूर्ण टाकतो. याचा एक फायदा झाला: दरवर्षी नवं व्याख्यान तयार करणं भागच पडतं.

पूर्वपक्ष कापला जातो तेव्हा

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिथं येतो.

आमच्यातल्या एकाचं मुलींच्या शिक्षणावर व्याख्यान होतं. त्यानं जुन्या पद्धतीनं आधी पूर्वपक्ष मांडला. मुलीला शिकवून उपयोग काय, शेवटी ती परक्याच्या घरी जाणार, खर्च आपला आणि मिळकत त्यांची. हे त्यानं रंगवून सांगितलं, समोरच्याच्या मनातलं बोलावं तसं. लोक हसले, माना डोलावल्या. आणि मग पुढची दहा मिनिटं त्यानं ते एकेक मोडून काढलं. सभागृहात टाळ्या पडल्या.

कुणीतरी त्यातले पस्तीस सेकंद कापले. फक्त पूर्वपक्ष. वर "बघा हे विचारवंत" असं लिहिलं आणि सोडून दिलं. दोन दिवसांत ते त्याच्या बहिणीच्या फोनवर आलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, हे तू बोललास?" तिसऱ्या दिवशी एका महिला मंडळानं ठरलेला कार्यक्रम रद्द केला.

पूर्ण भाषण आमच्या चॅनेलवर होतं, म्हणून निभावलं. कोणत्या मिनिटापासून ऐका हे लिहून त्यानं लिंक पाठवायला सुरुवात केली. बहुतेकांनी ऐकलं, काहींनी माफी मागितली. रद्द झालेला कार्यक्रम मात्र परत आला नाही. ज्यांनी ते पस्तीस सेकंद बघितले, त्यांच्यातल्या कितीजणांनी पुढची दहा मिनिटं ऐकली असतील? थोडक्यांनीच.

या प्रकारातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली, पूर्ण भाषण स्वतःच्या जागी, स्वतःच्या नावानं असलंच पाहिजे. दुसऱ्यानं काढलेल्या चित्रीकरणावर विसंबून राहायचं नाही. दुसरी, पूर्वपक्ष मांडताना वाक्यावाक्यात खूण ठेवायची. "असं म्हणणारे म्हणतात", "या मंडळींचा हिशेब असा", "आमचे काका सांगायचे". ही खूण एकदा सुरुवातीला दिली की पुरे, असं पूर्वी होतं, कारण श्रोता उठून जात नव्हता. आता कात्री कुठंही चालते, म्हणून प्रत्येक वाक्यात खूण हवी. रंगत थोडी कमी होते, हे कबूल.

पूर्वपक्षच सोडून द्यावा असं काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. विरोधकाचं म्हणणं त्याच्याइतक्या ताकदीनं मांडता आलं नाही, तर ते खोडलं असं म्हणता येत नाही. तुकड्याच्या भीतीनं आपण फक्त सुरक्षित वाक्यं बोलायला लागलो, किंवा उलट, तुकडा चालावा म्हणून दर मिनिटाला टाळीचं वाक्य फेकायला लागलो, तर समोर बसलेल्या माणसाशी बोलणं थांबतं. व्याख्यानात एक शांतता येते, सगळा हॉल विचार करत असतो तेव्हाची. ती कुठल्याही रीलमध्ये येत नाही. तिच्यासाठीच लोक पाऊस असतानाही येतात.

भाषण कुणाचं?

कायद्याचं थोडं. प्रताधिकार कायदा 1957 चा. त्याच्या 17 व्या कलमानुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार म्हणजे भाषण करणारा. सभागृह आणि आयोजन दुसऱ्याचं असलं तरीही. अपवाद असा की तुम्ही कुणाच्या वतीनं बोलत असाल तर हक्क त्यांचा. याच कायद्यानं "कलाकार" कुणाला म्हणायचं याची यादी दिली आहे. त्यात नट आहे, गायक आहे, जादूगार आहे, गारुडी आहे आणि व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. गारुड्याच्या पंगतीला आपण आहोत, यात कमीपणा मानू नका. त्यामुळंच तुमच्या संमतीशिवाय तुमचं व्याख्यान चित्रित करून वापरता येत नाही. बातमीपुरता उतारा घ्यायला मुभा आहे. मात्र चित्रफितीचा स्वतंत्र हक्क ती तयार करणाऱ्याकडं जातो. तेव्हा आमंत्रण स्वीकारतानाच तीन ओळींचा निरोप लिहून पाठवा: चित्रीकरण कोण करणार, पूर्ण भाषण कुठं टाकणार, आणि आम्हाला प्रत मिळणार का. भांडण नंतर करण्यापेक्षा हे बरं.

शेवटी एक जुनी गोष्ट

लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं 1936 च्या परिषदेत अध्यक्षीय भाषण करायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावलं. भाषणाचा मजकूर आधी वाचल्यावर मंडळाला त्यातला काही भाग नको होता. बाबासाहेबांनी बदल करायला नकार दिला, परिषद झाली नाही, भाषण झालं नाही. मग त्यांनी ते स्वतः छापलं. पहिल्या आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या, भाषांतरं सुरू झाली. जे भाषण कधी दिलंच गेलं नाही, ते आज जगभर वाचलं जातं.

त्या काळचं हाताशी असलेलं माध्यम म्हणजे छापखाना. व्यासपीठ नाकारलं गेलं तरी म्हणणं पुरं, न कापता पोचवता येतं, हे त्यांनी दाखवलं. आपल्या हाती आज फोन आहे. तो वापरताना एवढंच विचारू: माझं म्हणणं पुरं पोचतंय, की मी फक्त दिसतोय?

पुढच्या आठवड्यात तुमचं पहिलं भाषण असेल तर माइक घ्या, साउंडवाल्याला भेटा आणि सगळं भाषण टिपून ठेवा. टाकायची घाई नको. आधी स्वतः एकदा पूर्ण ऐका. तेवढं धैर्य झालं की बाकीचं जमतं.