‘नाही’ हे सिद्ध करायचं कसं?

पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एकाच मुलाचा हात किंवा पाय लुळा पडतो. उरलेल्यांतल्या काहींना थोडा ताप येतो, घसा दुखतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. विषाणू मात्र आतड्यात वाढत असतो, शौचातून बाहेर पडत असतो आणि दूषित पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून पुढच्या मुलाकडे जात असतो. एक मूल अधू झाल्याचं कळेपर्यंत तो कित्येक घरं फिरून आलेला असतो. मग असा विषाणू अख्ख्या देशातून गेला, हे कशाच्या बळावर सांगायचं?

भारताने ते सांगून दाखवलं. २००९ साली आपल्याकडे पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका चिमुरडीला लुळेपणा आला. विषाणूच्या मूळ रूपाचा तो देशातला शेवटचा रुग्ण.

या दोन वर्षांमागे १९९५पासूनचे पल्स पोलिओचे रविवार होते. एकेका राष्ट्रीय फेरीत तेवीस लाखांहून अधिक माणसं सुमारे १७ कोटी मुलांना डोस पाजत: अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक, रोटरीचे सदस्य. डोस मिळालेल्या मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. सगळी मुलं झालेल्या घरावर खडूने ‘पी’, एखादं राहिलं असेल तर ‘एक्स’. आणि ‘एक्स’चा ‘पी’ होईपर्यंत पुन्हा फेऱ्या. कोसी नदीच्या पुरात वाट बुडाली तर होडीने जायचं. मूल प्रवासात असेल तर त्याला स्टेशनवर, चालत्या गाडीत गाठायचं. लसीच्या बाटलीवरचा एक छोटा चौकोन उष्णता लागेल तसा गडद होत जातो; तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला, की बाटली बाद. थर्मामीटर नसलेल्या वस्तीतही लस चांगली आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं!

पण मला सगळ्यात थक्क करते ती त्यापुढची शोधाशोध. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, की चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचे. असा लुळेपणा इतर कारणांनीही येतो. म्हणून दर लाख मुलांमागे वर्षाला तसा किमान एक रुग्ण सापडलाच पाहिजे, असा दंडक आहे. एकही सापडला नाही, तर तिथे आजार नाही असं मानत नाहीत. तिथलं लक्ष उडालंय असं मानतात.

मुंबईत तर २००१पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जाऊ लागले. एकही मूल आजारी नसताना गटाराचं पाणी सांगू शकतं, की विषाणू शहरात आलाय. परळच्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्रात त्याची जनुकीय ओळख पटवली, की तो उत्तर प्रदेशातून आला की बिहारमधून, हेही उमगायचं. सगळीकडून सलग तीन वर्षं ‘नाही’ असं उत्तर आलं, तेव्हा कुठे २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

१९८८मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं पोलिओने अधू होत. मूळ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसरा आणि तिसरा आता जगातून संपला आहे. पहिला पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तग धरून आहे. तिथे डोस पाजायला निघालेल्या काही कार्यकर्त्यांनी प्राणही गमावले आहेत. शिवाय लसीकरण अपुरं असेल, तिथे तोंडावाटे दिलेल्या लसीतला दुबळा विषाणू मुलामुलांमधून फिरत क्वचित पुन्हा बळावतो. त्यामुळे आपल्याकडचं शून्य हे एकदा मिळवून कपाटात ठेवण्याचं पदक नव्हे. दर वर्षी जन्मणाऱ्या कोट्यवधी बाळांसाठी ते नव्याने मिळवावं लागतं. आपल्या गल्लीत पोलिओचा बूथ लागला, की बाळाला घेऊन जायचं ते यासाठीच.